शॉर्ट डेक: तिघं उरले आणि हॉल बंद झाला

आमच्या शॉर्ट डेक पोकर स्पर्धेचा निकाल लागला नाही. रविवारी तिघं उरलेले असताना दहा वाजले. वॉचमनने आधी पंखे बंद केले, मग मागच्या बाजूची ट्यूबलाइट, मग दारात उभा राहून किल्ल्या वाजवायला लागला. चिप्स मोजून डबे भरले. ट्रॉफी परत माझ्याकडे, कुणाचंही नाव न कोरता.

नेहमीच्या मंडळींना फॉरमॅट माहीत आहेच, तरी यावेळचे नियम एका दमात: ३६ पत्ते, दुरी ते पंजा बाहेर. फ्लश (एका रंगाचे पाच) फुल हाऊसच्या (तीन सारखे आणि एक जोडी) वर, स्ट्रेट (ओळीने पाच) ट्रिप्सच्या (तीन सारखे) वर (हा वाद मिटलाय, कृपया पुन्हा उकरू नका), एक्का-सहा-सात-आठ-नऊ हा सगळ्यात लहान स्ट्रेट. ब्लाइंड (ठरलेल्या दोघांनीच पत्ते बघायच्या आधी लावायची सक्तीची बेट) नाहीत. दर हाताला प्रत्येकाचा एक अँटे (सक्तीची वर्गणी) आणि बटनवाल्याचा (नावापुरती वाटणाऱ्याची जागा, दर हाताला पुढे सरकते) वरून एक. बारा जण, सहा-सहाची दोन टेबलं, अर्ध्या तासाची लेव्हल (लेव्हल बदलली की अँटे वाढतो), सहाला सुरुवात, मध्ये वडापावची सुट्टी. पैशाचा डाव नाही, कधीच नव्हता. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आहेच, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये तर तो विषयही नको. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हापासून मोबाइलवर खेळणारी दोन-तीन मुलं आमच्या टेबलावर यायला लागली. मुलं वेगवान आहेत. पत्ते वाटायची पाळी आली की मात्र गळपटतात.

आता मूळ दुखणं. अँटे.

पहिल्या खेपेला आपण सगळ्यांना १०० अँटेचा स्टॅक (समोरच्या चिप्स) दिला होता, कारण नेहमीच्या ५२ पत्त्यांच्या होल्डेममध्ये १०० बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडपैकी मोठा, लहान त्याच्या अर्धा) देतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पण होल्डेममध्ये टेबलाचा एक फेरा दीड बिग ब्लाइंडला पडतो आणि इथे सहा जणांच्या टेबलावर सात अँटेला. म्हणजे तिकडे नुसतं बसून राहिलात तर ६६ फेरे निघतात, इकडे १४. त्या दिवशी तिसऱ्या लेव्हललाच पानिपत झालं होतं. म्हणून यावेळी सर्वानुमते ३०० अँटे: ३०,००० च्या चिप्स, पहिला अँटे १००, मग २००, ३००, असं करत सातव्या लेव्हलला ८००.

सुरुवात झकास झाली. लोक फ्लॉप (मधले पहिले तीन सामाईक पत्ते) बघत होते, घाई नव्हती, लिंप करायला (न वाढवता नुसतं डावात राहायला) एक अँटे आणि समोर सात पडलेले, मग कोण सोडतंय! आठनंतर मात्र गाडी रुतली. बाद व्हायलाच कुणी तयार नाही. घरी आल्यावर कागद घेऊन बसलो. एम काढला, म्हणजे आपला स्टॅक भागिले पत्ते वाटायच्या आधीचा पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स); एम जितका कमी, तितकं दडपण जास्त. (पॉल मॅग्रीएलची ही युक्ती. मूळचा बॅकगॅमनवाला, पण पोकरवाल्यांवर मोठे उपकार करून गेला.) पहिल्या हाताला एम ३०० भागिले ७, म्हणजे ४३ च्या आसपास. शेवटी तिघांत ३,६०,००० च्या चिप्स, सरासरी १,२०,०००. अँटे ८००, पण टेबलावर तिघंच, म्हणून पॉट चार अँटेचा, ३,२००. एम साडेसदतीस.

अँटे आठपट झाला आणि एम ४३ वरून फक्त ३७ वर आला! इतकंच. कारण माणूस उठला की त्याचा अँटेही उठतो. चिप्स उरलेल्यांकडे जमत जातात आणि पॉट आटत जातो. ब्लाइंडच्या खेळात हे होत नाही. तिथे सहा बसोत की तीन, दीड ब्लाइंड पडतोच, म्हणून माणसं कमी झाली की आपोआप फास आवळतो. अँटेच्या खेळात तो फास आपण हाताने आवळायचा असतो.

बँकेतल्या काकांचं म्हणणं, लेव्हल वीस मिनिटांची करा. मीही तेच लिहायला बसलो होतो. पण त्याने होतं काय, तर पहिला तास चेंगरतो. म्हणजे जो मजेचा भाग आहे तोच कापायचा आणि रेंगाळणारा भाग तसाच ठेवायचा. दुसरी सूचना सीएची: घड्याळच नको, दर दोन माणसं बाद झाली की अँटे वाढवायचा. ऐकायला बरं वाटतं. पण मग कुणी बादच झालं नाही तर अँटेही वाढत नाही, आणि आपलं दुखणं नेमकं तेच आहे.

हे टाइप करत असतानाच एक वेगळं सुचलंय, ते इथेच मांडतो. दर हाताला सहा जणांकडून अँटे गोळा करण्यात किती वेळ जातो ते आठवा. कुणीतरी फोनवर असतो, कुणी ५०० ची चिप टाकून सुटे मागतो, आणि "कोणाचा राहिला?" हा प्रश्न तर प्रत्येक हाताला. होल्डेमवाल्यांनी यावर तोडगा काढलाच आहे, बिग ब्लाइंडवाला सगळ्या टेबलाचा अँटे भरतो. आपण ते बटनवर आणू. बटनवाला एकटाच सात अँटे टाकेल, त्यातले सहा मेलेले (नुसते पॉटमध्ये जाणारे) आणि एक जिवंत (त्याची बेट म्हणून धरलेला, म्हणजे ब्लाइंड). फेऱ्याचा खर्च तोच, फक्त एकरकमी. आणि, इथे खरी गंमत आहे, माणसं कमी झाली तरी आकडा सातच ठेवायचा. तिघं उरले तरी सात, दोघं उरले तरी सात.

आता तोच हिशोब परत. स्टॅक ३०० ऐवजी २०० अँटेचा धरला, म्हणजे २०,०००. सुरुवातीचा एम २८. शेवटी तिघांत २,४०,०००, सरासरी ८०,०००, पॉट ५,६००, एम १४. याला म्हणतात उतार! शिवाय होल्डेमपेक्षा हे न्याय्य आहे असं माझं मत. तिथे पैसे भरणारा बिग ब्लाइंड फ्लॉपनंतर जवळजवळ सगळ्यांच्या आधी बोलतो. इथे भरणारा बटनवर बसलेला असतो, सगळ्यांच्या शेवटी बोलणारा. सर्वात महाग जागा तीच सर्वात चांगली जागा.

दोन फटी दिसतात. एक, टेबल समतोल करताना कुणाला उठवायचं? चिठ्ठी काढली तर एखादा नेमका बटन यायच्या आधी दुसऱ्या टेबलावर पळतो आणि फुकट फेरा मारतो. तेव्हा पुढचं बटन ज्याच्याकडे येणार, तोच उठेल आणि तिकडेही शक्यतो तशाच जागी बसेल. दुसरी फट जास्त चिवट आहे. बटनवाल्याकडे सातपेक्षा कमी अँटे उरले असतील तर आधी काय भरायचं, जिवंत ब्लाइंड की मेलेला अँटे? ज्याच्याकडे दोनच अँटे आहेत त्याने दोन्ही मेलेल्या खात्यात टाकले, तर जिंकून तो इतरांकडून एकही जादा चिप घेऊ शकत नाही. माझा कौल ब्लाइंड आधी. काका अँटे आधी म्हणतात, आणि काका एकदा म्हणाले की म्हणाले.

या सगळ्यात खेळाचं सांगायचं राहिलंच. एक हात सांगतो, कारण तो मी आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना सांगितलाय आणि तिथे कुणालाच कळला नाही. माझ्याकडे बदाम राजा आणि बदाम नव्वी. फ्लॉप बदाम गुलाम, बदाम सत्ती, किलवर गुलाम. समोर ऑनलाइनवाल्या मुलांपैकी एक. टर्नला (चौथा सामाईक पत्ता) चौकट दश्शी. त्याने पॉटच्या चतुर्थांश बेट केली. न दिसलेले पत्ते ३०, बदामाचे उरलेले ५: सहात एक. किंमतही पाचास एक (एक भरून पाच मिळवायचे), म्हणजे अगदी काठावर, वर राणीचा किंवा अठ्ठीचा स्ट्रेट बोनस. कॉल. रिव्हर (पाचवा, शेवटचा पत्ता) बदाम छक्की. तो ऑल-इन (सगळ्या चिप्स पुढे), मी कॉल (तितक्याच भरल्या). त्याने इस्पिक गुलाम-दश्शी उघडली, "फुल हाऊस" म्हणाला आणि दोन्ही हात चिप्सवर ठेवले. मी काही न बोलता पाचही बदाम एका ओळीत लावले. त्याचे हात तिथेच होते. मग हळूच मागे गेले. आमच्यातल्या मॅडम म्हणाल्या, "अरे, बावन्न पत्त्यांचं डोकं घरी ठेवून यायचं."

मॅडमचं मात्र वाईट वाटलं. एक्क्यांची जोडी मिळाली, फ्लॉपवर एकरंगी काही नाही, ऑल-इन झाल्या, आणि समोरच्याचा दोन्हीकडून उघडा स्ट्रेट ड्रॉ (ओळीतले चार हातात, कुठल्याही टोकाचा एक हवा) लागला. इथे एक्के २२१ ऐवजी १०५ हातांत एकदा येतात, म्हणून त्यांचं अप्रूपही निम्मंच धरावं. तो उघडा ड्रॉ फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत ४५.६ टक्के वेळा लागतो, ५२ पत्त्यांत ३१.५. जवळजवळ नाणेफेक. उलट फ्लश ड्रॉ ३५ वरून ३० वर घसरतो, कारण एका रंगाचे पत्तेच नऊ. हाताच्या जोडीचा फ्लॉपवर सेट (तिसरा सारखा पत्ता) १७ टक्के, होल्डेमसारखा १२ नाही. ज्यांना दोन-चारची युक्ती पाठ आहे त्यांनी तीन-सहा पाठ करावी: एका पत्त्यासाठी आऊट्स (आपला हात पूर्ण करणारे उरलेले पत्ते) गुणिले तीन इतके टक्के, दोन पत्त्यांसाठी सहा.

साहित्य. कोपॅग कंपनीचे प्लास्टिकचे पत्ते मोठ्या आकड्यांचे, उत्तम, चहा सांडला तरी पुसून तयार. बाहेर काढलेले दुरी ते पंजा फेकू नका. मी त्यांतले सहा लाल आणि सहा काळे घेऊन जागा ठरवायला वापरले, लाल एका टेबलावर, काळे दुसऱ्या. पाच-तीन-दोन खेळून मोठी झालेली माणसं कॅट पटकन निवडतात, ऑनलाइनवाल्यांनी छक्कीही बाहेर ठेवली होती. चिप्सबद्दल मात्र संताप आहे. ज्याच्याकडून मागवल्या त्या विक्रेत्याच्या फोटोत १०० ची चिप निळी आणि ५०० ची जांभळी होती. हॉलच्या ट्यूबलाइटखाली दोन्ही एकच दिसतात, आणि १०० चे स्टिकर आत्ताच कडेने उचकटायला लागलेत. बटनवाला एकटाच अँटे भरणार असेल तर १०० च्या चिप्सची गरजही कमी होईल. मग सरळ ५०० पासून सुरुवात का नको? अँटे ५००, बटनचे ३,५००, स्टॅक १,००,०००. दोनशे अँटे तसेच राहतात आणि निळी-जांभळीची भानगडच मिटते. थांबा, यात १,००० च्या चिप्स पुरतात का ते मोजायला हवं. बारा जणांना प्रत्येकी निदान तीस लागतील, माझ्याकडे दोनशेच आहेत. सीएकडे एक जुना डबा आहे, त्याला विचारतो.

हॉल पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारचा घेतलाय, यावेळी पाच वाजल्यापासून. अर्धवट राहिलेल्या तिघांना पुढच्या वेळी जादा चिप्स द्याव्यात अशी मागणी आहे, ती मला मान्य नाही. कोरी पाटी. पहिला बाद होणारा डीलर होईल हे पूर्वीसारखंच. काकांनी "आधी ब्लाइंड की आधी अँटे" याचा सोक्षमोक्ष त्याआधी फोनवर लावावा, टेबलावर नाही. आणि हिरवं कापड ज्यांच्या घरी गेलंय त्यांनी ते धुऊन आणावं, वडापावची चटणी मला बाराव्या सीटवरून दिसत होती.