डाग आणि खड्डा यांतला फरक

मुरमांनी चेहऱ्यावर ठेवलेल्या खुणा जाव्यात म्हणून वर्षानुवर्षे मलमे लावून अखेर खचून गेलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना आपली खूण डाग आहे की खड्डा, हेच कोणी सांगितलेले नव्हते.

मुरूम बसल्यावर उरणारा तपकिरी किंवा लालसर डाग हा खऱ्या अर्थाने व्रण नसतो. दाहामुळे तिथे रंगद्रव्य वाढलेले असते किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. त्वचेला उन्हापासून जपले, तर असा डाग बहुधा काही महिन्यांत फिका पडू लागतो. खड्ड्याचे तसे नसते. दाह खोलवर पोहोचून कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, नष्ट करतो, ते पुरेसे भरून येत नाही आणि त्वचा खचते. उलट काहींच्या जबड्यावर, छातीवर किंवा पाठीवर कोलॅजन प्रमाणाबाहेर वाढून गाठी येतात. त्यांवर स्टेरॉइडची इंजेक्शने आणि सिलिकॉनच्या पट्ट्या वापरतात.

खड्ड्यांवरचा उपचार त्यांच्या आकारावर ठरतो. अरुंद आणि खोल छिद्रांत तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड नेमके टेकवतात किंवा ती छिद्रे कापून काढून टाके घालतात. लाटांसारख्या उथळ खड्ड्यांत तंतू त्वचेला खाली ओढून धरतात, म्हणून सुईने ते तंतू तोडतात. यालाच सबसिजन म्हणतात. उभ्या कडांच्या रुंद खड्ड्यांसाठी बहुधा फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर सूक्ष्म ठिपक्यांत सोडलेले लेझर किरण) किंवा मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) निवडतात. एकाच गालावर हे तिन्ही प्रकार असू शकतात, त्यामुळे एकच उपचार सगळ्यांना पुरेल असे सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. तीव्र ॲसिड घरी वापरण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये. त्याने त्वचा भाजून नवा व्रण होतो.

सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळे डाग पडण्याचा धोका अधिक असतो, म्हणून तशा त्वचेवर उपचार करण्याचा अनुभव डॉक्टरांना आहे का, हे आधीच विचारावे. आयसोट्रेटिनॉइन हे मुरमांवरचे औषध चालू असेल किंवा नुकतेच थांबवले असेल, तर तेही सांगावे. आणि नवे मुरूम येत असतील, तर आधी ते आटोक्यात आणणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक खोल मुरूम नवा खड्डा पाडू शकतो.

खड्डे पूर्ण नाहीसे होणे दुर्मीळ आहे. ते उथळ होतात, आणि तेवढ्यानेही चेहऱ्यावर पडणाऱ्या सावल्या कमी होतात. नवे कोलॅजन तयार व्हायला महिने लागतात, तेव्हा उपचारापूर्वी एकाच प्रकाशात छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण रोज आरशात पाहून हा फरक कळत नाही.