वेळ चुकलेला बर्फ

जाड कोट कपाटाच्या तळाशी गेले की मगच वसंतातला हा बर्फ येतो, असा माझा जुना संशय आहे. झाडं फुललेली, लोक बाकांवर ऊन खात बसायला सरावलेले, आणि सकाळी पडदा सारावा तर बाहेर पांढरं! शहर वैतागतं. कॅमेरा हाताळणाऱ्याला मात्र हर्षवायू व्हायचा बाकी राहतो.

ऐन हिवाळ्यातला बर्फ सगळंच एका पांघरुणाखाली घालतो. वसंतातल्या बर्फात तेवढा दम नसतो. डांबरात उन्हाची ऊब मुरलेली असते, त्यामुळे रस्ता काळा, ओला, चकचकीतच राहतो. बर्फ टिकतो गवतावर, गाड्यांच्या टपांवर, फांद्यांच्या वरच्या अंगाला. शहर झाकलं जात नाही, पेन्सिलीने गिरवल्यासारखं दिसू लागतं. कठडे, जिने, तारा... एरवी ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, त्यांना अचानक कडा येतात.

कॅमेऱ्याचा मात्र पांढऱ्यावर विश्वास नाही. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशातला 80 ते 90 टक्के प्रकाश परत पाठवतो, आणि समोरचं जग मध्यम राखाडी असणार हे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरने आधीच ठरवून टाकलेलं असतं. त्याचं ऐकलं तर बर्फ धुतलेल्या राखेच्या रंगाचा येतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतलेला प्रकाश, एक ते दोन स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). आधीच लख्ख असलेलं आणखी उजळ करायचं, हे मनाला पटायला जरा वेळ लागतो.

हवा शून्याच्या आसपास असली की हिमकण ओलसर होतात आणि खाली येताना एकमेकांना बिलगून त्यांचे मोठे पुंजके होतात. ते दिसायला मागे काहीतरी गडद हवं. आभाळासमोर ते हरवतात. शटर 1/500 सेकंदाला ठेवलं तर पुंजके हवेत थबकतात, 1/30 ला त्यांच्या रेघा होतात. मी रेघांच्या बाजूचा. थबकलेले पुंजके पुष्कळदा लेन्सवरचे डाग वाटतात.

अमेरिकन छायाचित्रकार अल्फ्रेड स्टीगलिट्झने 1893 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभं राहून घोडागाडीचा हवा तो फोटो मिळवला. त्याचा बर्फ टिकणारा होता. इथे तीन तास थांबलात तर छपरांवरून पागोळ्या गळत असतात. आधी अंगण, मग चहा. (परतल्यावर कॅमेरा घरात नेण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, नाहीतर उबदार हवेतली वाफ त्याच्यावर धरते.)

फुलांवरचा बर्फ सगळेच टिपतात. गोड दिसतो, पण दोन मिनिटांत कंटाळा येतो. त्यापेक्षा मला उपाहारगृहाबाहेर मांडलेल्या खुर्च्या आवडतात, प्रत्येकीवर बर्फाची गादी. किंवा पातळ जाकीट, कापडी बूट आणि चेहऱ्यावर कुणीतरी फसवल्याचा भाव घेऊन बससाठी उभा असलेला माणूस. बर्फ उशिरा आला हे फोटोत कळायला हवं, नाहीतर तो नुसता बर्फ.

म्हणूनच असे फोटो कृष्णधवल करायला माझा सक्त विरोध आहे. मोह होतो, कारण अर्धं काम निसर्गानेच केलेलं असतं. पण वसंतात फुलणाऱ्या डॅफोडिलचा पिवळा गेला की तोच फोटो खुशाल जानेवारीचा म्हणून खपतो.