तुम्ही विचारलंत म्हणून: नवऱ्याच्या व्हिसावर बायको राहते का?

हा प्रश्न मला सारखा येतो आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा पुरुषमंडळींकडूनच येतो. "काकू, थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा करायचा विचार आहे, मी मेन आणि मिसेस डिपेंडंट, ८ लाख बाथ एकदाच ठेवले की दोघांचं काम झालं ना?"

हो, झालं. नियमात बसतं. (बाथ म्हणजे थायलंडचं चलन.) मी स्वतः पहिलं वर्ष इथे थायलंडात, चियांग माईला, ह्यांची डिपेंडंट म्हणूनच, म्हणजे ह्यांच्या परवानगीच्या आधारावर काढलं. पण सांगलीचा फ्लॅट विकला गेल्यावर पहिलं काम काय केलं तर माझ्या एकटीच्या नावावर वेगळे ८ लाख बाथ ठेवले आणि माझा मुक्काम माझ्या नावावर करून घेतला. लोकांना वाटतं काकूंचा काहीतरी हट्ट, एवढे पैसे दुप्पट अडकवून ठेवायचे कशाला. तर ते का, हे एकदा नीट लिहूनच टाकते म्हणजे दर वेळी फोनवर तासभर बोलायला नको.

आधी मुळातून. थायलंडमध्ये रिटायरमेंटच्या रस्त्याने "कायमचं" वगैरे काही मिळत नाही. तुमचं वय ५० पूर्ण पाहिजे आणि थाई बँकेत ८ लाख बाथ पाहिजेत, किंवा दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख भरले पाहिजेत. ६५ हजार बाथ म्हणजे महिन्याला दीड लाख रुपयांच्या वरच जातात, एवढी पेन्शन आपल्यात किती जणांना असते, त्यामुळे आपली माणसं बँकेत रक्कम ठेवण्याच्याच रस्त्याने येतात. तर आधी ९० दिवसांचा नॉन इमिग्रंट ओ व्हिसा घ्यायचा, आणि तो संपत आला की इमिग्रेशन ऑफिसात जाऊन १,९०० बाथ भरून एक वर्षाची मुदतवाढ घ्यायची. मग पुढच्या वर्षी परत तेच. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखं आहे हे, पंधरा वर्षं राहिलात तरी दर वर्षी नव्याने सही.

आणि ते ८ लाख नुसते "दाखवायचे" नसतात, ही दुसरी गैरसमजूत. अर्जाच्या आधी दोन महिने ते खात्यात पडून पाहिजेत, मुदतवाढ मिळाल्यावर आणखी तीन महिने हात लावायचा नाही, आणि त्यानंतर वर्षभर ४ लाखांच्या खाली जायचं नाही, हे २०१९ पासून आहे. म्हणजे हिशेब केलात तर वर्षातले सात महिने तुम्हाला फार तर ४ लाख वापरता येतात आणि तेही पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी परत भरायचे. त्यापेक्षा ती रक्कम विसरूनच जायची आणि घरखर्चाला दुसरं खातं ठेवायचं, इथले बहुतेक सगळे तसंच करतात.

आता डिपेंडंटचं. नवऱ्याला मुदतवाढ मिळाली की त्याच्या आधारावर बायकोला मिळते (उलटंही होतं, बायको मेन आणि नवरा डिपेंडंट, पण हा प्रश्न मला अजून एकाही पुरुषाने विचारलेला नाही). तिला वेगळा एक छदामही दाखवावा लागत नाही. लागतं ते फक्त लग्नाचं सर्टिफिकेट. आणि इथेच आपल्या पिढीची खरी गोची आहे, कारण लग्न नोंदवायचं असतं हेच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. आमचं लग्न १९८५ सालचं, मिरजेतलं, चारशे माणूस जेवून गेलं पण कागद म्हणाल तर एक लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम. मग इतक्या वर्षांच्या जुन्या लग्नाची नोंदणी करायला आम्ही दोघं ऑफिसात जाऊन बसलो, बाजूला सगळी हळद न उतरलेली पोरंपोरी. तिथे लग्नाला प्रत्यक्ष हजर असलेले तीन साक्षीदार लागतात, ते सोपं होतं, माझे दोन भाऊ आणि ह्यांची वहिनी आली. पण फॉर्मवर पुरोहिताची सही पण मागतात. आता आमचे भटजी तेव्हाच सत्तरीचे होते हो. शेवटी प्रतिज्ञापत्र करून दिलं. तिथली बाई फार चांगली होती, तिने अल्बममधला सप्तपदीचा फोटो बघून विचारलं की हे तुम्हीच ना नक्की, आणि ह्यांच्याकडे बघून परत फोटोकडे बघितलं.

बरं नोंदणी झाली म्हणजे संपलं नाही, त्या कागदाला मुंबईत मंत्रालयातलं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग थाई दूतावासाचा, मग इथे येऊन थाई भाषांतर आणि इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. सगळं होतं, फक्त वेळ लागतो, त्यामुळे निघायच्या आधी सहा महिने हे काम हातात घ्या. माझ्यासारखा वेगळा अर्ज करणार असाल तरी करून ठेवा, पुढे बँकेत, हॉस्पिटलात, कुठेही "ही तुमची कोण" हे कागदावर सिद्ध करायची वेळ येतेच.

आता मुद्द्यावर येते. डिपेंडंटचा मुक्काम हा दुसऱ्याच्या मुक्कामावर उभा असतो. तो दुसरा माणूस गेला की तिच्या मुक्कामाचा आधार जातो, सरळ हिशेब आहे. त्यातून ते ८ लाख असतात त्याच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यात, कारण जॉइंट खातं इमिग्रेशनवाले सहसा धरत नाहीत. आणि खातेदार वारला हे बँकेला कळलं की खातं गोठवतात, मग कोर्टाने कुणाला तरी इस्टेटीचा व्यवस्थापक नेमून दिल्याशिवाय त्यातला एक बाथ बाहेर येत नाही, याला काही महिने तरी जातात. म्हणजे नवरा गेला त्याच आठवड्यात बायकोकडे राहण्याची परवानगी डळमळीत आणि परवानगी मिळवायला लागणारे पैसे कुलपात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. आमच्या गल्लीत एक डच जोडपं होतं, बाई सत्तरीच्या पुढच्या, सगळे कागद आजोबांनी सांभाळलेले, बाईंना बँकेचा पिनसुद्धा माहीत नव्हता. आजोबा एका रात्री गेले. दहनाची व्यवस्था वॉटवाल्यांनी, म्हणजे देवळातल्या लोकांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून केली, फार मायेने केली, पण चौथ्या दिवशी त्या बाई आमच्या व्हरांड्यात पासपोर्ट घेऊन बसल्या होत्या आणि विचारत होत्या की मला कधी निघावं लागेल. त्यांचा मुलगा आला, धावपळ केली, हॉलंडहून पैसे मागवून त्यांच्या स्वतःच्या नावाने अर्ज केला म्हणून निभावलं. ते सगळं बघून मी ह्यांना त्याच संध्याकाळी म्हटलं, फ्लॅटचे पैसे आले की पहिले माझ्या खात्यात. हे काही बोलले नाहीत, ह्यांना मरणाबिरणाचा विषय काढलेला आवडत नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच माझ्याबरोबर बँकेत आले.

म्हणून बायको पन्नाशीच्या पुढची असेल आणि पैशाची सोय होत असेल तर दोघांचे अर्ज वेगळे करा. नसेल होत सोय तर निदान तेवढी रक्कम भारतात तिच्या नावावर, तिला स्वतः हलवता येईल अशी ठेवा. आणि इथल्या मालमत्तेपुरतं एक थाई मृत्युपत्र वकिलाकडून करून घ्या, त्याने खातं लगेच सुटत नाही पण कोर्टातलं काम सोपं होतं.

भारतातून पैसे आणायच्या बाबतीत दोन नावांचा उलट फायदाच आहे. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, ती मर्यादा आपल्याला कुठे लागतेय, लागतो तो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर, एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के. ८ लाख बाथ म्हणजे २० लाख रुपयांच्या वर. पण ही १० लाखांची सूट माणशी असते आणि दर आर्थिक वर्षाला नव्याने मिळते, त्यामुळे थोडे मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये पाठवले, ते पण दोघांच्या वेगवेगळ्या पॅनवर, तर बराचसा टीसीएस लागतच नाही. लागला तरी बुडत नाही, रिटर्न भरलं की कर म्हणून वळता होतो किंवा परत येतो, फक्त तोवर अडकतो. आणि एकदा इथे राहायलाच आलात की तिकडची सेव्हिंग खाती एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांची खाती) करून घ्या, हे बरेच जण करत नाहीत आणि मग पुढे पैसे आणताना अडतात. इथला कर पण लक्षात ठेवा, वर्षात १८० दिवस राहिलात की तुम्ही इथले कर निवासी, आणि २०२४ पासून बाहेरचं उत्पन्न इथे आणलं तर ते हिशेबात धरतात. त्याआधीच्या जुन्या बचतीला ते लागू नाही, म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची बँक स्टेटमेंटं जपून ठेवा. आमच्या सीएला हे समजवताना मीच निम्मी सीए झाले.

प्रत्यक्ष अर्जाचा दिवस कसा असतो ते सांगते, कारण नुसत्या याद्या वाचून अंदाज येत नाही. सकाळी बँक उघडायच्या आधी दारात. आधी शंभर बाथ भरायचे, म्हणजे पासबुकात त्या दिवसाची एन्ट्री पडते, मग त्याच दिवसाच्या तारखेचं बँकेचं पत्र घ्यायचं (पत्रावर साल २५६८ वगैरे दिसलं तर दचकू नका, इथे बुद्धाचं वर्ष चालतं, आपल्यात ५४३ मिळवायचे). मग पासबुकाच्या प्रत्येक पानाची आणि पासपोर्टच्या शिक्क्यांच्या पानांची झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर सही, आणि सही निळ्या शाईने. फॉर्म टीएम ७, एक फोटो, घराचा करार, घरमालकाने तुमची नोंद केल्याची टीएम ३० ची पावती आणि घराचा हाताने काढलेला नकाशा. माझ्या नकाशात मी कोपऱ्यावरचा नूडल्सवाला, देऊळ आणि आंब्याचं झाड काढते. समोरची पोरगी ते सगळं निमूटपणे टाचून टाकते. ह्यांचा नंबर वेगळा, माझा वेगळा. ह्यांना विचारलं होतं एकदा की मॅडम डिपेंडंट का, तर मीच माझं पासबुक पुढे सरकवलं.

बाकीचं भराभर सांगते. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, फॉर्म टीएम ४७, तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत, आता ऑनलाइन होतं. विसरलात तर २,००० बाथ दंड. मध्येच देशाबाहेर गेलात की मोजणी परत पहिल्यापासून. पण बाहेर जायच्या आधी री-एंट्री परमिट घ्यायचं म्हणजे घ्यायचंच, एका वेळचं १,०००, वर्षभराचं ३,८००, ते न घेता गणपतीला सांगलीला गेलात की तुमची वर्षाची परवानगी विमानतळावरच रद्द, परत सगळं पहिल्यापासून. काम करता येत नाही, फुकट शिकवणीसुद्धा नाही, मी शाळामास्तरीण असून इथल्या पोरांना गणित शिकवू शकत नाही याचं मला अजून वाईट वाटतं. जमीन नावावर होत नाही, फ्लॅट होतो, इमारतीतल्या परदेशी मालकांचा वाटा ४९ टक्क्यांच्या आत असेल तर. पण मी म्हणते भाड्याने राहा.

विम्याचं बरेच जण विचारतात. ओ-ए नावाचा जो व्हिसा भारतातूनच एक वर्षाचा मिळतो त्याला आरोग्य विमा सक्तीचा आहे, ३० लाख बाथचा, शिवाय पोलीस दाखला आणि मेडिकल. आम्ही घेतला त्या नॉन ओ च्या रस्त्याला सक्ती नाही. सक्ती नाही म्हणून काढू नका असं नाही हां, वय वाढलं की कंपन्या सहज दारात उभं करत नाहीत, त्यामुळे यायच्या आधीच काढा. आणि १० वर्षांचा ओ-एक्स म्हणून जो एजंट सांगतात तो १४ देशांच्याच लोकांना आहे, त्यात भारत नाही, तेव्हा त्यावर कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. १० वर्षांचा दुसरा एक एलटीआर आहे, तो भारतीयांना मिळतो, पण त्याला वर्षाला ८० हजार डॉलरचं बसून मिळणारं उत्पन्न लागतं, किंवा निम्मं उत्पन्न आणि वर अडीच लाख डॉलर गुंतवणूक. ज्यांच्याकडे हे आहे ते मला फोन करत नाहीत.

शेवटचं, घर बघायला लोक डिसेंबरात येतात. डिसेंबरात चियांग माई बघून कुणीही भुलेल, गुलाबी थंडी, फुलं, आकाश निळंशार. तुम्ही मार्चमध्ये या. तेव्हा आजूबाजूची शेतं आणि डोंगर पेटलेले असतात, समोरचा दोई सुथेपचा डोंगर आठवडाआठवडा दिसत नाही, काही दिवस तर हवेच्या बाबतीत जगातल्या सगळ्यात वाईट शहरांत आमचा नंबर असतो, आणि परवडतं ते लोक समुद्राकडे पळतात. तेव्हाचे तीन आठवडे दोघांनी काढून बघा, एकट्याने नाही, मिसेसना घेऊन. आमची वरची खोली मार्चमध्ये रिकामीच असते, कुणी येत नाही ना, एअर प्युरिफायर तिथेच लावून ठेवते.