आढीतला आंबा आणि वहीतले आकडे

मला सव्विसावा आठवडा लागला तेव्हा एप्रिल सुरू झाला होता आणि आमच्या देवगडच्या घरात माडीवर पहिली आढी घातली होती. दुपारी कौलं तापली की गवतातल्या हापूसचा वास जिन्यावरून उतरून थेट स्वयंपाकघरात यायचा. त्याच आठवड्यात कणकवलीला डॉक्टरांकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायले, दोन तासांनी रक्त दिलं. आकडा आला १६८. या तपासणीत १४० किंवा त्याच्या वर गेलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात.

गाडीत घरी येईपर्यंत मी रडत होते. डोक्यात एकच, की मी काहीतरी चुकीचं खाल्लं आणि ते बाळाला भोवलं. खरं तर डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, जशी वाढते तशी ती जी हार्मोन्स सोडते त्यांच्यामुळे आईच्या अंगात इन्सुलिनचा जोर कमी पडतो. बहुतेकींचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करून भागवतं, काहींचं कमी पडतं. माझ्या वडिलांना साखर आहे, त्यामुळे माझी शक्यता आधीच जास्त होती. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ अंगाने फार मोठं होतं, आणि जन्मल्यावर त्याची स्वतःची साखर एकदम उतरू शकते. हे शेवटचं वाक्य मी रात्रभर घोळवत बसले.

त्या भीतीपोटी पहिल्या आठवड्यात मी सरळ खाणंच सोडलं. अर्धी भाकरी, काकडी, ताक. आठ दिवसांत वजन उतरलं आणि लघवीत कीटोन आले, म्हणजे शरीर उपाशी राहून चरबी जाळायला लागल्याची खूण. डॉक्टर पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. उपाशी राहणं हे पथ्य नव्हे, बाळाला ते चालत नाही, असं स्पष्ट म्हणाल्या. मग आहारतज्ज्ञ बाईंनी तीन जेवणं आणि मधली तीन छोटी खाणी ठरवून दिली, आणि ग्लुकोमीटर घ्यायला लावला. सकाळी उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या खाली. हे माझ्या डॉक्टरांनी मला दिलेले आकडे, तुमचे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

वही घातली आणि पहिला धक्का बसला तो पेजेचा. उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, बाजूला भाजलेला सुका बांगडा. आमच्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला, सगळ्यांना पेजच देतात. उकडा तांदूळ साखरेला बरा असं मी ऐकलंही होतं. मोठी वाटीभर पेज प्यायले, दोन तासांनी १७१. पुन्हा दुसऱ्या दिवशी १६६. तोच तांदूळ दुपारी वाटीभर भात करून, बांगड्याचं तिखलं आणि भाजी जास्त घेऊन खाल्ला तर ११७. सकाळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं, आणि मऊ शिजलेली पातळ पेज पोटात थांबतच नाही. नाचणीचंही तसंच. एक भाकरी चालली, सत्त्वाने आकडा चढला. सकाळी मग दोन अंडी आणि अर्धी भाकरी, किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ. पेज सुटल्याचं दुःख मला आंब्यापेक्षा जास्त झालं, कारण ती माझी सकाळ होती.

कोकमाच्या बाबतीत मात्र सुटका झाली. सरबताच्या बाटलीत साखरच जास्त असते, ते बंद. पण आगळ म्हणजे नुसतं मीठ घातलेला कोकमाचा रस. त्याचा चमचा पाण्यात, किंवा नारळाच्या दुधात घालून सोलकढी. आगळात मीठ खूप, म्हणून रक्तदाब बघून डॉक्टरांनी दिवसाला एक वाटी ठरवली. दुपारी चारला गोडाची जी ओढ लागायची ती आंबटाने निम्मी तरी मोडायची. कैरीची फोड आणि तिखट हेही त्याच कामाला. आणि जेवल्यावर खळ्यात पंधरा मिनिटं फेऱ्या. चालले त्या दिवशीचा आकडा आणि बसून राहिले त्या दिवशीचा, यांत वीस-पंचवीसचा फरक पडायचा. माझी वही उघडली तर ते सरळ दिसतं.

आता आंबा. माझं माहेर चिपळूणचं, सासूबाई अस्सल देवगडच्या. त्या पहिल्या पंधरवड्यात रोज म्हणायच्या, "डोहाळे मारूचे नसतत गो. पोराचो कान व्हावता." डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान वाहतो, ही त्यांची समजूत. त्यांचा जीव तुटत होता. घरची कलमं, आणि घरच्या गरवार सुनेच्या ताटात आंबा नाही! रात्री अकराला मला जाग यायची आणि वास असा भरलेला असायचा की तोंडाला पाणी सुटून डोळेही भरायचे. एका रात्री मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले होते. मागे वळून बघितलं तर खाली सासूबाई उभ्या. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, "त्या बाईंका फोन लाव. इचार, कितको खाल्लो तर चलात."

बाईंनी सांगितलं, आठ दिवस आकडे ताब्यात राहिले तर ७० ग्रॅम. जेवणावर नाही, दुपारी चारला, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांसोबत. रस नाही, फोडीच. सासूबाईंनी मसाले मोजायचा काटा पुसून घेतला. आढीतला एक आंबा निवडला, देठाकडचा चीक धुतला, कापून साका, म्हणजे आतला पांढरट खराब गर, नाही ना ते बघितलं. एका गालाची फोड काट्यावर ठेवली, ८४. कडेने कापत कापत ७० वर आणली. मी इतका सावकाश आंबा आयुष्यात खाल्ला नसेल. साल दातांनी खरवडली. सहा वाजेपर्यंत त्या घड्याळाखाली बसून होत्या. बोटाला सुई लावली, पट्टीवर थेंब, पाच सेकंद. ११३. "बरा झाला," म्हणाल्या आणि देवाला दिवा लावायला गेल्या. त्या दिवसापासून दिवसाआड चारची फोड ठरून गेली आणि रात्रीचं जाग येणं कमी झालं. आंबा मिळणार हे ठाऊक असलं की वास तेवढा छळत नाही.

डोहाळजेवणाला चाळीस बायका आणि प्रत्येकीचा आग्रह. तिथे मी काही बोललेच नाही. सासूबाईच ताटाशेजारी बसल्या आणि येईल तिला मालवणीत समजावत राहिल्या.

तेहतिसाव्या आठवड्यात मात्र सकाळचे आकडे ९९, १०२, १०१ येऊ लागले. रात्रीचं जेवण बदललं, झोपताना दूध घेतलं, काही हललं नाही. रात्री सहा युनिट इन्सुलिन सुरू झालं. शेजारच्या काकी म्हणाल्या, पथ्य मोडलं असणार. फार लागलं ते मला, कारण वहीतली एक ओळही खोटी नव्हती. वार वाढते तसा इन्सुलिनला विरोध वाढतो, खाण्याने जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालं होतं. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही हे कळल्यावर सुईची भीती उरली नाही. जूनमध्ये पाऊस लागला, वीज दिवसदिवस जायची. इन्सुलिनचं वापरातलं पेन फ्रीजबाहेरही चार आठवडे चालतं असं औषधवाल्याने खात्री करून सांगितलं होतं. शिल्लक पेन मात्र डब्यात घालून, तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या आडोशाला.

जुलैमध्ये मुलगी झाली, तीन किलो शंभर ग्रॅम. पहिल्या तासातच अंगावर घेतली. तिच्या इवल्या टाचेला टोचून साखर बघायचे तेव्हा मी दुसरीकडे बघायचे. पहिला आकडा ५८ आला, पुढचेही ठीक आले. माझं इन्सुलिन त्याच दिवशी बंद झालं. सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज, या वेळी उपाशीपोटी. दोन तासांनी ११८. पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, म्हणून दरवर्षी तपासणी. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

यंदा पुन्हा माडीवर आढी लागली. मुलगी नऊ महिन्यांची. सासूबाईंनी आंबा कापला, सवयीने काटा पुढे ओढला, माझी फोड ठेवली, ७० वर आणली. कापलेला तुकडा बोटाने मळून त्यांनी मुलीच्या ओठाला लावला.