दोन पिकअपच्या मधला आवाज

महाविद्यालयात असताना एका मित्राच्या कॅसेटवर डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश बँडचा 1978 सालचा पहिला अल्बम ऐकला, आणि त्यांचा गिटारवादक मार्क नॉफ्लर याच्या गिटारचा तो स्वच्छ, काहीसा पोकळ, किंचित नाकात बोलल्यासारखा आवाज मनात जो रुतला तो कायमचाच. पुढे नोकरी, घराचे हप्ते आणि मुलीची शाळा यांत बरीच वर्षे गेली. अखेर इलेक्ट्रिक गिटार घेण्याची वेळ आली तेव्हा मला हवा होता तो नेमका हाच आवाज.

तरीही पहिली खरेदी चुकली. ऑनलाइन छायाचित्रातील सोनेरी तपकिरी रंगाला भुलून मी गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या मॉडेलच्या घडणीची एक गिटार मागवली. गिटारमध्ये दोष काहीच नव्हता, दोष माझ्या निवडीत होता. तिच्यावर हमबकर जातीचे दोन पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या रूपात टिपणारे चुंबकीय भाग, होते. हमबकरमध्ये दोन कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. त्यांचे वेढे आणि चुंबकांचे ध्रुव परस्परविरुद्ध ठेवल्यामुळे बाहेरून शिरणारी विजेची घरघर आपोआप खोडली जाते आणि तारांचा आवाज मात्र दुणावतो. सेथ लव्हर यांची ही रचना गिब्सनने 1957 पासून लेस पॉलवर बसवली. तिचा आवाज भरदार आणि गोलसर असतो. शिवाय या गिटारवर तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या ब्रिजपासून मानेच्या टोकाच्या नटपर्यंतची तारेची लांबी 24.75 इंच असते, तर फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरवर ती 25.5 इंच असते. त्याच जाडीची तार त्याच सुराला लावली, तर लांब गिटारवर ती अधिक ताणलेली राहते आणि अधिक खणखणीत बोलते. मी टोनचा नॉब कितीही फिरवला तरी मला हवी असलेली धार त्या गिटारमधून निघणे शक्य नव्हते.

मग उलट दिशेने शोध सुरू केला. आधी आवाज कुठे तयार होतो ते पाहायचे आणि मगच दुकानाची पायरी चढायची. 1954 साली बाजारात आलेल्या स्ट्रॅटोकास्टरवर एकेका कॉइलचे तीन पिकअप होते आणि ते निवडण्याचा स्विच तीनच जागांचा होता. वादकांच्या लक्षात आले की स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकदम चालू होतात आणि काही निराळाच आवाज येतो. फेंडरने पाच जागांचा स्विच दिला तो 1977 साली. नॉफ्लरचा तो गाजलेला आवाज ब्रिजजवळच्या आणि मधल्या पिकअपच्या अशाच जोडीतून येतो. या जोडीला पुष्कळ लोक ‘आउट ऑफ फेज’, म्हणजे एकमेकांना उलट जोडलेली, म्हणतात, ते चूक आहे. दोन्ही पिकअप सरळच जोडलेले असतात, समांतर. मात्र ते एकाच तारेचे कंपन दोन ठिकाणी टिपतात. काही उपस्वरांच्या, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांच्या, बाबतीत तार एका ठिकाणी वर जात असते तेव्हा दुसऱ्या ठिकाणी खाली येत असते, आणि असे उपस्वर एकमेकांना क्षीण करतात. त्या गळतीतून तो पोकळपणा येतो.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेलच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे मल्टिमीटर बॅगेत असतोच. कॉलेज रोडवरील एका दुकानात स्ट्रॅटच्या घडणीच्या तीन गिटारी समोर होत्या. प्रत्येकीत केबल खोचली, व्हॉल्यूम पूर्ण उघडला आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटरच्या पिना टेकवल्या. एका पिकअपवर सुमारे 6 किलोओहम आणि स्विच दोन पिकअपच्या मधल्या जागेवर सरकवताच सुमारे 3, म्हणजे दोन समांतर जोडलेले आहेत हे सिद्ध झाले. दुकानातील मुलगा प्रथम हसला, मग स्वतःच दुसरी गिटार पुढे करू लागला.

दुसरी परीक्षा कानांची होती. अॅम्प चालू ठेवून गिटार जाणूनबुजून ट्यूबलाइटखाली नेली. एकट्या ब्रिज पिकअपवर आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेची घरघर स्पष्ट ऐकू येत होती. स्विच एक जागा सरकवल्यावर दोन गिटारींमध्ये ती जवळजवळ थांबली, तिसरीत तशीच राहिली. पहिल्या दोघींमध्ये मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा होता. जुन्या अस्सल स्ट्रॅटमध्ये ही सोय नसते, तेव्हा तिसरी गिटार इतिहासाला अधिक धरून होती असे म्हणता येईल. परंतु माझ्या इंदिरानगरच्या जुन्या घरातील अर्थिंग पाहता मी इतिहास तिथेच सोडला. उरलेल्या दोघींपैकी जिच्या पिकअपमध्ये अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकांच्या दांड्या होत्या, ती घेतली. दुसरीत खाली सिरॅमिक पट्टी होती आणि तिचा आवाज माझ्या कानांना कर्कश वाटला. लाकडाच्या जातीवर मी एक मिनिटही खर्च केले नाही.

अॅम्पबद्दल एवढेच की, आवाज फुटू न देता स्वच्छ ठेवणारा कोणताही बरा अॅम्प या कामाला चालतो. नाशिकच्या हवेकडे मात्र लक्ष ठेवावे लागते. पावसाळ्यात नेक किंचित पुढे वाकते, तारा फ्रेटपासून, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या पट्ट्यांपासून, उंच होतात आणि नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या दांडीला, ट्रस रॉडला, अगदी थोडा पीळ द्यावा लागतो. एप्रिलमध्ये फिंगरबोर्ड सुकून आक्रसतो आणि फ्रेटची टोके तळहाताला टोचू लागतात.

जुनी गिटार पंचवटीतील एका मेटल वाजवणाऱ्या मुलाने घेतली. त्याने आमच्या बैठकीत डिस्टॉर्शन पेडल लावून एकच कॉर्ड छेडली आणि शोकेसच्या काचा थरथरल्या. त्याला हवा होता तो आवाज त्याच गिटारमध्ये होता.

माझे अडले आहे ते वेगळ्याच ठिकाणी. नॉफ्लर पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पाती, न वापरता अंगठा आणि दोन बोटांनी वाजवतो, तार वरून खरडण्याऐवजी बोटाच्या पेराने ओढून सोडतो, आणि त्या ओढीतला टणत्कार कोणत्याही स्विचवर मिळत नाही. मला अंगठा आणि तर्जनी जमते. मधले बोट अजून उशिराच पोहोचते. त्यात गेल्या आठवड्यात पॅनेलचे दार नेमके त्याच बोटावर आपटले, त्यामुळे सध्या रोज रात्री अर्धा तास, दोनच बोटांनी.