मेड्युसाचा सांगाडा पूर्ण, आता तिची चाल

स्टॉप-मोशनसाठी, म्हणजे बाहुली थोडीथोडी हलवत एकेक चौकट टिपून केलेल्या चित्रणासाठी, मी मेड्युसा घडवतो आहे; ग्रीक कथेतली केसांच्या जागी साप असलेली ही राक्षसीण. तिचा सांगाडा या महिन्यात तयार झाला. ॲल्युमिनियमच्या तारा पिळून कणा केला, सांधे एम-सीलने पक्के केले आणि शेपटीकडे तारांची संख्या कमी करत नेली, त्यामुळे वळसा कमरेपासून टोकापर्यंत सलग उतरतो. फोम चढवण्यापूर्वी तिची चाल ठरवायची होती, म्हणून ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’चे १९८१ आणि २०१० चे दोन्ही चित्रपट पुन्हा पाहिले.

१९८१ मध्ये स्टॉप-मोशन कलाकार रे हॅरीहाउसेन यांची मेड्युसा जड धड हातांच्या जोरावर ओढत येते. आगीच्या हलत्या उजेडात तिची सावली सरकते, शेपटीचा खुळखुळाट ऐकू येतो आणि खांबाआड तिला मारायला आलेला नायक पर्सियस श्वास रोखून उभा राहतो. हातात धनुष्य असलेली ही मेड्युसा आपली शिकार शोधते आहे, हे तिच्या प्रत्येक थांब्यातून कळते.

दिग्दर्शक लुई लेतेरिए यांच्या २०१० च्या चित्रपटातील संगणकावर घडवलेली मेड्युसा लाव्हारसावरच्या खांबांभोवती इतक्या वेगाने सरपटते की तिला वजन आहे असे वाटतच नाही, आणि कॅमेराही सतत तिच्यामागे धावत असल्याने ती कुठून येईल याची धास्ती निर्माण होण्यास अवसर मिळत नाही. दोष संगणकाचा नाही, असे माझे ठाम मत आहे. महाकाय विंचू, मेड्युसा आणि क्राकेन हा समुद्री राक्षस ठरल्या वेळी हजर होतात, पर्सियसचे सोबती एकेक करून मरतात, पण त्यांची धड ओळखच झालेली नसल्याने त्यांच्या मरणाचे दुःख होत नाही. पर्सियसला कुटुंबाच्या मृत्यूचा सूड घ्यायचा आहे, तरी त्याचा राग पहिल्या दृश्यापासून एकाच पट्टीत राहतो. त्यातच द्विमितीत चित्रित केलेल्या या चित्रपटाचे नंतर घाईने त्रिमितीत रूपांतर केले गेले आणि माणसे पुठ्ठ्यातून कापल्यासारखी सपाट दिसली. क्राकेन मुळात नॉर्वेकडच्या दंतकथांतला, ग्रीक कथेतला नव्हे. पण ती उसनवारी १९८१ मध्येही होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी मेड्युसा त्यामुळे सावकाश चालेल. सेकंदाला २४ चौकटी आणि प्रत्येक मुद्रेच्या दोन, म्हणजे १२ मुद्रा या हिशेबाने एक हात पुढे टेकला की धड ओढले जाण्यापूर्वी काही चौकटी ती निश्चल ठेवणार आहे. केसांतील सापांसाठी तांब्याची बारीक तार घेतली आहे. फोम चढवण्याआधी ती कवटीत बसवायची आहे.