ठाण्यातलं ‘माल नाही’ म्हणणारं दुकान

ठाण्यात पाहुण्याला काय दाखवायचं हे ठरलेलं आहे. संध्याकाळची तलावपाळी, कोपिनेश्वराचं दर्शन, मामलेदारची मिसळ आणि वेळ उरलाच तर उपवन. मिसळीबद्दलचं माझं मत नातेवाईकांना पटत नाही, म्हणून एका वाक्यात उरकतो: जाळ आधी लागतो आणि चव कळेपर्यंत पाव संपलेला असतो. उपवनला रविवारी जाऊ नये. गेलात तर गाडी लावायला जागा शोधण्यातच संध्याकाळ जाईल, मग मला बोल लावू नका.

या खेपेला पुण्याहून गेलो ते चुलतबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला. शिवनेरी बस घाटात रखडली, ठाण्याच्या वंदना स्टँडला उतरेपर्यंत कंबर धरली. कार्य छान झालं. हॉलमधला एसी एवढा जोरात होता की मावश्या-आत्या शाली मागत होत्या. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उशिरापर्यंत झोपलेले होते, तेव्हा मी एकटाच बाहेर पडलो. मला बंदुकीचं दुकान बघायचं होतं.

आमचं गाव मुरबाडकडचं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक नळीची बारा बोअर बंदूक होती. परवान्यावर तिचं नाव ‘एसबीबीएल’ (एकनळी, मागून काडतूस भरायची), घरात नुसतंच ‘बार’. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. आजोबा रात्री शेतातल्या माळ्यावर बसायचे आणि हवेत बार काढायचे. त्यांनी डुक्कर मारलेलं मी कधी पाहिलं नाही, आवाजानेच काम व्हायचं. पण त्या आवाजाला काडतुसं लागायची आणि काडतुसांसाठी आजोबा ठाण्याला यायचे. कल्याणलाही कुठे मिळाली असती. पण आजोबांचा शेठ ठाण्यात होता, आणि आजोबा न्हावी व शेठ बदलणाऱ्यातले नव्हते.

सुट्टीत असलो की मला बरोबर न्यायचे. पहाटेची मुरबाड-कल्याण एसटी, पुढे लोकल. परवान्याचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात. गाडीत ते दर दहा मिनिटांनी खिसा चाचपायचे.

तलावपाळीच्या मागे, जांभळी नाक्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत ते दुकान होतं. आत शिरलं की आधी वास यायचा, रंगून ऑइलचा. बंदुकीला लावायचं ते तेल, फ्लॅनेलच्या चिंध्यांना मुरलेलं. भिंतीला लाकडी मांडणी आणि तीत ओळीने उभ्या दुनळ्या. त्यांच्या चापाच्या कड्यांमधून एकच लांब साखळी ओवलेली आणि शेवटी पितळेचं मोठं कुलूप. एखादी बंदूक दाखवायची तर शेठ कुलूप काढायचे, साखळी तिथवर ओढून घ्यायचे, बंदूक बाहेर काढायचे आणि परत कुलूप लावूनच गिऱ्हाईकाकडे वळायचे. घाई त्या दुकानात कुणालाच नव्हती. बाहेर जांभळी नाक्यावर भाजीवाल्यांचा आणि हमालांचा कल्ला, आत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.

वर सांबराची शिंगं होती, खाली वनखात्याच्या नोंदीचा क्रमांक लिहिलेली छोटी पट्टी. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि शिकारीवर कडक बंधनं आली. ‘आमचं निम्मं गिऱ्हाईक त्या साली वारलं,’ असं शेठ म्हणायचे आणि त्या शिंगांकडे बघायचे.

मग उरलेलं निम्मं कोण? आमच्यासारखे शहापूर-मुरबाडचे शेतकरी. बँकांचे लोक, कारण बँकेच्या दारात उभ्या असलेल्या रखवालदाराच्या दुनळीलाही काडतुसं ताजी ठेवावी लागतात. सैन्यातून निवृत्त झालेले काही जण, ते नुसते बसायला यायचे आणि ग्रीनर, वेब्ली अँड स्कॉट अशी नावं घ्यायचे. या विलायती बंदुकांची किंमत पुढे फारच वाढली, कारण ऐंशीच्या दशकाच्या मध्याला खासगी आयात जवळजवळ बंद झाली. त्यानंतर नवीन हवी तर देशी कारखान्यातली, आणि विलायती हवी तर कुणाच्या तरी आजोबांची.

आणि हो, फुगेवाले! टेंभी नाक्याच्या नवरात्रात फुगे फोडायच्या एअरगन घेऊन बसणारे. त्यांना छर्रे लागायचे. पत्र्याच्या चपट्या डब्यात शिशाचे बारके छर्रे असायचे, कमरेला बारीक, मागून पोकळ. माझ्या तळहातावर शेठने एकदा चिमूटभर ठेवले होते. हात काळा झाला. ‘तोंडात नाही घालायचा हात, शिसं आहे,’ म्हणाले आणि स्वतः उठून मला नळावर पाठवलं.

शिकवायची त्यांना हौस होती. बारा बोअर म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगायच्या आधी त्यांनी सांगितलं. नळीच्या तोंडात बरोब्बर बसेल अशी शिशाची गोळी केली, तर अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. नळी साडेअठरा मिलिमीटरची. सोळा बोअर म्हणजे पौंडात सोळा गोळ्या, म्हणजे नळी लहान. ‘आकडा मोठा, तोंड लहान. माणसातही बघ,’ हा त्यांचा ठरलेला विनोद. आजोबा दर वेळी हसायचे.

काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. खोक्यावर एलजी, एसजी, बीबी, चार नंबर, सहा नंबर. अक्षरवाली जाड छर्ऱ्यांची, आकडेवाली पाखरांसाठीची बारीक. जुनी काडतुसं कागदी नळीची होती, आणि ठाण्याचा पाऊस म्हणजे कागदाचा वैरी. दमट हवेने नळी फुगली की काडतूस बंदुकीत अडकतं. म्हणून शेठकडे एक पितळी कडी होती. पावसाळ्यात गिऱ्हाईकाला द्यायचं प्रत्येक काडतूस ते तिच्यातून सरकवून बघायचे. सुळकन गेलं तर खोक्यात, अडकलं तर बाजूला. आजोबांची काडतुसं अशी एकेक पास होताना मी काउंटरवर हनुवटी टेकवून बघत बसायचो. नंतर परवान्यावर नोंद, शिक्का, रजिस्टरात सही. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील आणि एका वेळी किती जवळ ठेवता येतील, ते लिहिलेलं असतं. आजोबा तेवढी कधीच घ्यायचे नाहीत. पैसे कुठे होते!

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

एकदा आम्ही बसलेलो असताना एक माणूस आला. पांढरे कपडे, हातात चाव्यांचा जुडगा. परवाना नवाकोरा, सगळं कायदेशीर. दुनळी हवी म्हणाला. शेठनी परवाना उलटसुलट बघितला, चहा मागवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, ‘कशासाठी घेताय? शेती?’ त्याने सांगितलं की शेतीच, पण वाद आहे, भाऊ ऐकत नाही, घरात बंदूक आली की ऐकेल. अगदी मोकळेपणाने सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

शेठनी परवाना घडी घालून परत दिला. ‘माल नाही.’

त्या माणसाने मांडणीकडे बघितलं. आम्ही पण बघितलं. माल उभा होता, साखळीत ओवलेला.

‘ह्या काय मग?’

‘लोकांच्या आहेत. दुरुस्तीला आल्यात, ठेवायला आल्यात.’

‘सगळ्या?’

‘सगळ्या. चहा घ्या, गार होतोय.’

तो चहा न घेताच गेला. आजोबा म्हणाले, ‘शेठ, धंदा सोडलात की.’ शेठ म्हणाले, ‘महिनाभराने भावाचं समजलं असतं, तर रजिस्टरात नाव माझ्या अक्षरात असतं.’ आणि त्या माणसाचा चहा त्यांनी मला दिला.

लहानपणी मला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. आज वाटतं. परवाना देणाऱ्या साहेबाने त्या माणसाला कागदावर पाहिलं होतं, शेठनी समोर बसवून पाहिलं. ठाण्यात इतकी दुकानं होती, पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवणं हा धंद्याचाच भाग मानणारं मी पाहिलेलं ते एकच.

तर त्या सकाळी गोखले रोड, राम मारुती रोड करत तलावपाळीला आलो. फुटपाथबद्दल लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. गल्ली सापडली, दुकान नाही. त्या जागी मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकणारा गाळा, पोरगं कानात इअरफोन घालून बसलेलं. मला खरं तर चिडायचं कारण नव्हतं, पण चिडलो. शेजारी चष्म्याचं दुकान आहे, तिथले काका त्या काळातले निघाले. त्यांना विचारलं.

‘शेठ? ते गेले. करोनाच्या आधीच. मुलाने दोन-तीन वर्षं चालवलं, मग म्हणाला, काका, मी विकायला बसलोय की कागद भरायला?’

बाजारपेठेत पुढे याच धंद्याचं आणखी एक दुकान होतं, तेही उठलं, हे त्यांनीच सांगितलं. तरी मी जाऊन आलो. शटर खाली, शटरवर क्लासच्या जाहिराती.

परत येऊन काकांकडे बसलो. त्यांनी स्टूल दिलं, पाणी दिलं आणि गिऱ्हाईक आलं तरी मला उठवलं नाही. साखरपुड्याच्या हॉलमध्ये एवढी आपुलकीची चौकशी माझी कुणी केली नव्हती. बोलता बोलता त्यांनी सगळा हिशेब मांडला. नवे परवाने मिळणं अवघड झालं. २०१६ ला शस्त्रांचे नवे नियम आले, बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण अर्जदाराला सक्तीचं झालं (हे चांगलंच झालं, असं काकांचं आणि माझं दोघांचंही मत पडलं). २०१९ ला कायदा बदलला: एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं. म्हणजे विकायच्या बंदुका कमी झाल्या आणि नूतनीकरणाच्या निमित्ताने येणारं माणूसही कमी झालं. जादा झालेली तिसरी बंदूक जमा करायला वर्षभराची मुदत होती. त्यामुळे शेवटी शेवटी दुकानात येणारा माल फक्त जमा करण्याचा.

‘निवडणुकीत मात्र गर्दी असायची हां,’ काका म्हणाले. आचारसंहिता लागली की परवानेवाल्यांना बंदुका जमा करायला सांगतात. काही जण पोलीस ठाण्यात ठेवतात, काही जण दुकानात. शेठकडे महिन्याचं भाडं ठरलेलं होतं, वर तेलपाणी फुकट. पोलीस ठाण्याच्या कोठारातून बंदूक गंजून परत यायची, शेठकडून चकचकीत यायची, म्हणून लोक पैसे मोजायचे. काकांचे त्या दिवसांत दुप्पट चष्मे खपायचे, कारण रांगेत उभे सगळे साठीच्या पुढचे.

मी विचारलं, कुणी भांडायला, धमकवायला कधी आलं होतं का दुकानात? काका हसले. ‘एवढ्या वर्षांत सगळ्यात मोठा आवाज त्यांच्या घड्याळाचाच.’

हे सगळं गोड गोड आठवायला सोपं आहे, हे मला कळतं. गल्लीगल्लीत बंदुका मिळाव्यात असं माझं म्हणणं नाही. नियम कडक झाले त्याबद्दल तक्रारही नाही. तक्रार आहे ती दुकानासोबत शेठसारखा माणूस गेला त्याची. ठाणे जिल्ह्यातच, अंबरनाथला, सरकारी आयुध निर्माणी अजून चालू आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या. म्हणजे बनवणारे आहेत, परवाना देणारे आहेत. मधे बसून ‘कशासाठी घेताय’ विचारणारा तेवढा आमच्या गल्लीतून उठला.

संध्याकाळी मुरबाडहून आलेल्या दादाला, म्हणजे थोरल्या चुलतभावाला, हे सांगितलं. साखरपुड्याचे उरलेले लाडू आणि चिवडा पुढ्यात होता. दादा म्हणाला, तुला आठवणी सुचतायत, मला डुकरं दिसतायत. आजोबा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, ती तिथेच आहे. परवानेदार वारला की घरच्यांना ती ठेवता येत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावी लागते, मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. दादाने अर्ज केला होता. एक कागद कमी निघाला, मग दुसरा, मग साहेब बदलले, मग दादाच कंटाळला.

‘शेठ असते तर फॉर्म त्यांनीच भरून दिला असता,’ दादा म्हणाला. ‘आजोबांचा दर वेळी तेच भरायचे. आजोबांना सहीपुरतंच इंग्रजी यायचं.’

‘मग आता भाताला काय करतोस?’

‘फटाके लावतो. सुतळी बॉम्ब. पहिल्या वर्षी डुकरं पळाली. आता ऐकून घेतात आणि खात बसतात.’

त्याने पुन्हा अर्ज करायचं ठरवलंय. आजोबांचं जुनं परवान्याचं पुस्तक घरी ट्रंकेत आहे, शेठच्या शिक्क्यांसकट. ते कामाचं आहे का, हे मला कचेरीत विचारून यायला सांगितलंय, कारण घरात ‘शिकलेला’ मी. पुढच्या महिन्यात परत ठाणे. या वेळी रेल्वेने जाईन, शिवनेरी नको.